माझी खूण

(कुवेत हा अरबस्तानातील एक छोटा देश. कामधंद्यासाठी तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांसाठी दोन दिवसांचा चित्रवर्ग भरला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षिका मुलांशी जे बोलल्या, ते या पाठात दिले आहे.)



काल शुक्रवारी मी तुम्हांला प्रत्येकी एक कागद दिला होता. अट एवढीच होती, की चेहरा काढायचा नाही आणि नाव लिहायचे नाही. तरीही कागद पाहणाऱ्याला 'हा मी' असे कळले पाहिजे. तुम्ही खूप गोंगाट केलात, एकमेकांच्या कागदात डोकावलात आणि शेवटी एकतीस कागद माझ्या हाती दिलेत.

रात्री मी ते सगळे जमिनीवर पसरले आणि मधोमध बसले. कोणी क्रिकेटची बॅट काढली होती. कोणी आंब्याचे झाड काढले होते आणि त्याखाली गुरगुटून झोपलेले मांजर. निळ्या गोळ्यांचे कुवेत टॉवर तर पाच कागदांवर उभे होते. एकाने नुसता प्रेशर कुकर काढला होता. त्याला त्या वेळी भूक लागली असावी असा माझा अंदाज आहे! एका कागदावर दोरीने करकचून बांधलेली मोठी बॅग होती. तिच्याकडे मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. दरवर्षी सुट्टीला गावी जाताना विमानतळावर जी बॅग वजनकाट्यावर चढते, तीच ती. ज्याने ती काढली, त्याने फार थोड्या रेषांत फार मोठी गोष्ट सांगितली आहे.

आणि एक कागद कोरा होता.

मला वाटले, कोणी कंटाळा केला असेल. पण कागद उलटून पाहिला, तर मागे पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले होते, 'मी कुठला ते मला ठरवता येत नाही. इथे सगळे मला इंडियन म्हणतात. गावी गेलो की कुवेतवाला म्हणतात.'

हा कागद कोणाचा, हे मला ठाऊक नाही. नाव लिहू नका असे मीच सांगितले होते. मी विचारणारही नाही आणि तुम्हीही इकडे तिकडे पाहून अंदाज बांधू नका. पण ज्याने हे लिहिले, त्याच्याशी मला आज बोलायचे आहे. बाकीच्यांनीही ऐकले तर चालेल.

आधी माझ्या घरची एक गोष्ट सांगते.

माझी आजी गोधड्या शिवायची. जुनी लुगडी, फाटके सदरे, उशांचे अभ्रे असे काहीही ती वाया जाऊ देत नसे. चिंध्यांवर चिंध्या रचून ती बारीक धावदोरा घालायची. तिची गोधडी पूर्ण झाली की एका कोपऱ्यात लाल कापडाची एक चिमणी यायचीच. चिमणी म्हणजे काय, एक त्रिकोण, त्याला छोटी चोच आणि शेपटी. पुढे मी शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी वसतिगृहात राहिले. पावसाळ्यानंतर सगळ्या मुलींच्या गोधड्या एकदमच गच्चीवर वाळत पडल्या आणि त्यांची चांगलीच सरमिसळ झाली. मी कोपरे पाहत गेले आणि चिमणी दिसताच माझी गोधडी ओढून घेतली.

सुट्टीत घरी गेल्यावर आजीला विचारले, ''आजी, तू चिमणीच का गं काढतेस?'' ती आधी हसली. मग म्हणाली, ''अगं, मी सासरी आले तेव्हा अकरा-बारा वर्षांची पोर. घरात मोठी माणसं खूप, पण माझ्याशी बोलायला कोणी नाही. पाखडायला बसले की चिमण्या तेवढ्या जवळ यायच्या.''

इतकी वर्षे ती चिमणी आम्हांला नुसती शोभेची वाटत होती. आजीला लिहिता येत नव्हते. तिने तिची गोष्ट कोपऱ्यात शिवून ठेवली होती. आम्हीच कधी विचारले नाही.

अशा खुणा आपल्या घरात आणखीही असतात बरे का! आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातला एखादा जुना तांब्या किंवा पातेले पालथे करून पाहा. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी आजीचे, पणजीचे नाव घातलेले असेल. कोणत्या सालच्या लग्नात ते भांडे आले, तेही काही भांड्यांवर असते.

आता आपण जेथे बसलो आहोत, त्या कुवेतची गोष्ट.

तुम्हांला येथे काचेच्या उंच इमारती आणि रुंद रस्ते दिसतात. पण येथील वाळवंटात पूर्वी बेदुईन लोक उंट, शेळ्या-मेंढ्या घेऊन हिंडत असत. चारा-पाणी असेल तेथे मुक्काम करायचा आणि संपले की पुढे निघायचे. त्यांचे घर म्हणजे तंबू. हा तंबू बाजारातल्या कापडाचा नसे. शेळीच्या काळ्या केसांचा धागा करून तो विणत. अरबीत त्याला म्हणतात 'बैत अल् शअर', म्हणजे केसांचे घर! पाऊस आला की केस भिजून फुगतात आणि विणीतली भोके बुजतात. त्यामुळे पाणी आत फारसे येत नाही. ऊन तापले की वीण पुन्हा मोकळी होते आणि वारा खेळतो. आहे की नाही शहाणे घर?

हे विणकाम बायका करीत. त्याला 'सदू' असे नाव आहे. मेंढीची लोकर, शेळीचे केस, उंटाचे केस हे सगळे त्यांना आपल्याच जनावरांपासून मिळे. चालता-चालता, जनावरे राखता-राखता टकळीवर सूत काढायचे. आपल्याकडे धनगर बायाबापड्यांच्या हातांत टकळी फिरताना दिसे, अगदी तसेच. मग ते रंगवायचे, आणि जमिनीत खुंट्या ठोकून त्यांवर लांबच लांब ताणा लावायचा. हाच त्यांचा माग. त्याला ना खोली लागे, ना छप्पर. मुक्काम हलवायचा झाला, की अर्धे विणलेले कापड मागासकट गुंडाळायचे आणि उंटावर लादायचे. दुसऱ्या मुक्कामी पुन्हा खुंट्या ठोकायच्या आणि उरलेले पुढे विणायचे. धागे दाबून बसवायला त्या हरणाचे शिंग वापरत.

आपल्याकडची घोंगडीही अशीच. मेंढपाळाच्या मेंढीची काळी लोकर, सनगरांचा माग आणि वर चिंचोक्यांची खळ. दोन मुलखांच्या मध्ये अख्खा समुद्र आहे, पण मेंढी पाळणाऱ्याला थंडी सारखीच वाजते, नाही का?

परवा मी येथील सदू हाऊस पाहून आले. ते समुद्राकाठच्या रस्त्यावर, राष्ट्रीय संग्रहालयाच्या जवळ आहे. तुमच्यापैकी कितीजण तेथे गेले आहेत? तीनच हात! आई-बाबांना सांगा, पुढच्या सुट्टीच्या दिवशी घेऊन चला म्हणावे. तेथे एक आजीबाई जमिनीवर बसून विणत होत्या. मला अरबी येत नाही आणि त्यांना मराठी येत नाही. त्यांनी माझ्या साडीचा काठ बोटांत धरला, उलटा करून धागे पाहिले आणि मान डोलावली. मग विचारले, ''हिंद?'' मी म्हटले, ''हिंद.'' आमचे एवढेच बोलणे झाले. पण त्यांनी मला शेजारी बसवून घेतले आणि बोटाने एकेक नक्षी दाखवली.

सदूच्या कापडावर लाल, काळे, पांढरे, नारिंगी पट्टे असतात. कडेच्या पट्ट्यांवर सोपी नक्षी असते. एका नक्षीचे नाव आहे 'घोड्याचे दात'. नाव ऐकून तुम्हांला हसू आले, पण ती पाहाल तेव्हा पटेल. मधला पट्टा मात्र वेगळा. त्याला 'शजरा' म्हणतात. शजरा म्हणजे झाड. पांढऱ्या जमिनीवर काळ्या धाग्यांनी तेथे एकाखाली एक चिन्हे येतात. उंट, विंचू, तारा, कॉफीचे भांडे, कात्री, फणी. शिवाय 'वस्म' येते. वस्म म्हणजे उंटाच्या अंगावर डागलेली टोळीची खूण. वाळवंटात एखादा उंट चुकला, तर तो कोणाचा हे त्या खुणेवरून कळे. कधी एखादा शब्द, कधी एखादा आकडाही त्यात असतो. विणणारीच्या आयुष्यातील एखादी आठवण त्या आकड्यात असते. तो आकडा कशाचा, हे तिला माहीत.

मला त्यातली कात्री आणि फणी फार आवडली. उंट आणि तलवार ही तर सगळ्या टोळीची. पण कात्री म्हणजे बाईच्या हातातली वस्तू. तंबूच्या आत एक जाड पडदा असतो. पाहुणे एका बाजूला बसतात, घरच्या बायका दुसऱ्या बाजूला. तो पडदा बायकांनीच विणलेला आणि त्याची नक्षीदार बाजू पाहुण्यांकडे असे. विणणारी स्वतः पडद्याच्या मागे असे, पण पाहुण्याला कॉफी पिताना तिची कात्री, तिची फणी, तिचा तारा दिसत राही. चेहरा नाही, नाव नाही. काल मी तुम्हांला घातलेली अट अगदी हीच होती. ती मी शोधून काढलेली नव्हती, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

आता नीट ऐका. शजरा विणणे अवघड का, ते सांगते. या पट्ट्यात प्रत्येक ठिकाणी दोन धागे शेजारी-शेजारी ताणलेले असतात. एक काळा आणि एक पांढरा. ओळ विणताना विणणारी दरवेळी बोटाने एकच धागा वर उचलते. काळा उचलला तर तेथे काळे दिसते, पांढरा उचलला तर पांढरे. कागदावर नमुना काढलेला नसतो. सगळे मोजून आणि आठवून करायचे. मोजणी चुकली की उसवायचे. तेव्हा उंटाचा एक पाय विणायला किती वेळा बोटे चालवावी लागत असतील, विचार करा.

मी त्या आजीबाईंना खुणेने विचारले, जो धागा उचलला नाही तो कोठे गेला? त्यांनी कापडाची कड वर केली आणि उलटी बाजू दाखवली. तो तेथे मागे होता. लांब, सैलसर, पण होता. पुढच्या ओळीत त्याला वर यावे लागणार होते.

कोऱ्या कागदाच्या मालका, हे मी तुझ्यासाठी सांगितले.

तुला कोणी इंडियन म्हणाले, तर त्या वेळी एक धागा वर आहे. गावी कोणी कुवेतवाला म्हणाले, तर दुसरा वर आहे. चिडवणारा मुद्दाम चिडवत असेल, तर वाईट वाटणारच. वाटू नये असे मी म्हणणार नाही. मीही शहरात शिकायला गेले, तेव्हा माझ्या बोलण्याला मुली हसत, आणि घरी परत गेल्यावर 'आली शहराची बाई' म्हणून घरचे हसत! पण काल तू कागदासमोर बसून एकच धागा ठेवायचा आणि दुसरा कापून टाकायचा, असा विचार करीत बसलास. म्हणून तुझा कागद कोराच राहिला, असे मला वाटते. चुकत असेन तर कधीतरी सांग.

तुमच्या खिशात एखादे नाणे आहे का? काढून पाहा. एका बाजूला शिडाचे गलबत आहे. कुवेतच्या राजचिन्हातही बहिरी ससाण्याच्या पसरलेल्या पंखांमध्ये असेच गलबत आहे. तेल सापडण्याआधी कुवेतचे लोक समुद्रावर जगत. बुडी मारून मोती काढत आणि गलबतांतून दूरवर व्यापार करत. ती गलबते कुवेतच्या किनाऱ्यावरच बांधली जात. पण वाळवंटात सागवान कोठून येणार? लाकूड येई हिंदुस्थानातून, मलबारच्या किनाऱ्यावरून. येथले मोती विकायला मुंबईस जात. आणि 1961 सालापर्यंत येथील बाजारात आपला रुपया चालत असे! म्हणजे ज्या गलबताला कुवेतने आपली खूण मानले, त्याचे लाकूड आपल्याकडचे. म्हणून ते गलबत कुवेतचे नाही, असे कोणी म्हणेल का?

पुढे तेलाचा पैसा आला. बेदुईन लोक पक्क्या घरांत राहू लागले. तंबू नको झाले, मग तंबूचे कापड कोण विणणार? आज्यांना येत होते ते नातींना येईना. तेव्हा 1979 साली येथल्या काही जाणत्या लोकांनी हे विणकाम टिकवण्याचे काम हाती घेतले. वाळवंटातल्या वृद्ध विणकर बायकांकडून त्यांनी नक्ष्या आणि त्यांची नावे गोळा केली, आणि तरुण मुलींना शिकवायला सुरुवात केली. 2020 साली युनेस्कोने सौदी अरेबिया आणि कुवेत या दोन देशांचे मिळून सदू विणकाम जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले.

कोणी म्हणेल, या सगळ्या जुन्या काळच्या गोष्टी. मग आपल्या महाराष्ट्रातील अगदी अलीकडची गोष्ट ऐका.

डहाणूजवळच्या पाड्यांवर वारली लोक राहतात. लग्नात घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहितात. हो, वारली लोक चित्र काढतात म्हणत नाहीत, लिहितात म्हणतात! तो चौक लिहिण्याचा मान सवासिनींचा. पुरुषांनी ते काम करायचे नाही, अशी रीत होती. त्या मुलखात जिव्या नावाचा एक मुलगा होता. लहानपणीच त्याची आई वारली आणि त्याने बोलणेच सोडले. काही सांगायचे झाले, तर तो मातीत बोटाने चित्र काढून दाखवी. लोक त्याला वेडा म्हणाले असतील का? म्हणालेही असतील. पण तो काढत राहिला. मातीवरून भिंतीवर गेला, भिंतीवरून कागदावर गेला. लग्न नसले, सण नसला, तरी चित्र काढू लागला. गोल डोके, दोन त्रिकोणांचे अंग आणि काड्यांसारखे हातपाय, एवढ्यातून त्याने भाताची शेते, मासेमारीची जाळी, मुंग्या, पाखरे, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारे लोक उभे केले. हेच जिव्या सोमा म्हसे. 1976 साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले, तेव्हा त्यांची चित्रे जगभर पोहोचली होती.

त्यांच्या चित्रांतल्या माणसांना डोळे, नाक, ओठ नसतात. तरी कोण पळतो आहे, कोण दमला आहे, कोण आनंदात आहे, ते कळते. मला स्वतःला त्यांचे माशांच्या जाळ्याचे चित्र सगळ्यांत आवडते. बारीक-बारीक रेषांचे एवढे मोठे जाळे, की पाहणारा त्यात सापडतो. बोलणे सोडून दिलेल्या मुलाजवळ सांगण्यासारखे किती होते!

बरे, आता कामाचे.

आज मी तुम्हांला चौकटीचा कागद देणार आहे. तो वीतभर रुंद आणि हातभर लांब आहे. प्रत्येक चौकोन एकतर काळा करायचा, नाहीतर पांढरा ठेवायचा. तिसरा रंग नाही. वरपासून खालपर्यंत एकाखाली एक, आपापल्या खुणा काढा. कालची बॅट, कालचा कुकर काढलात तरी चालेल. पण चौकोनांतून कुकर काढणे सोपे नाही, आधीच सांगून ठेवते. शिटी कशी दाखवायची, त्याचा विचार करा. टॉवरवाल्या पाच जणांनी टॉवर पुन्हा काढायला माझी हरकत नाही. मात्र तो टॉवर तुमचा कसा, ते त्याच्या शेजारच्या खुणेतून कळू द्या. तेथे बाबांच्या खांद्यावर बसून गेला होतात का? तेथे काही हरवले होते का? खूण दुसऱ्याला कळलीच पाहिजे असेही नाही. एखादी खूण फक्त तुम्हांलाच कळली, तरी ती असू द्या. कोणी विचारलेच, तर सांगायचे की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या आजीने तिची चिमणी सांगायला चाळीस वर्षे घेतली.

चुकले तर खोडरबर आहे. कापड उसवण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे.

कालचे तीस कागद मी भिंतीवर लावले आहेत. एकतिसावा, तो कोरा कागद, खिडकीपाशी दगडाखाली ठेवला आहे. मागचे मी पुसलेले नाही. आता मी पाणी प्यायला बाहेर जाते आणि पाच मिनिटांनी येते. ज्याचा असेल त्याने तो घ्यावा, किंवा तेथेच राहू द्यावा. त्याच्या शेजारी चौकटीच्या कागदांचा गठ्ठा आहे. सगळ्यांनी कागद तेथूनच घ्यायचे आहेत, तेव्हा खिडकीपाशी गर्दी होणारच. ढकलाढकली करू नका. काळे खडू काल संपत आले होते, म्हणून आज नवी पेटी आणली आहे. ती मेजावर आहे.

चला, उठा.